उरलेल्या सुरांचे आगाशेकाका

आगाशेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी यजमानांना नव्हे, एसीला भेटत. चपला दाराशी काढायच्या, "काय, ठीक ना?" एवढं कुणालातरी उद्देशून म्हणायचं आणि सरळ खिडकीपाशी जाऊन एसीला कान लावायचा. त्या काळी शारजातल्या फ्लॅटांना खिडकीत बसवलेले मोठे एसी असत आणि ते वर्षातले आठ-नऊ महिने घुमत असत. काका डोळे मिटून त्या घुमण्यातला सूर शोधत आणि निकाल देत, "पांढरी पाच. पण जरा उतरलाय. कॉम्प्रेसर दाखवून घ्या." घरची बाई पाण्याचा ग्लास घेऊन मागे उभी असायची. तिला पाणी द्यावं की मेकॅनिकला फोन करावा ते कळत नसे.

आमची पहिली भेट अशीच एका एसीपाशी झाली. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल. पुण्याहून नोकरीसाठी शारजाला येऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते आणि एका ओळखीच्यांकडे गणपतीची आरती होती. मी पुण्यात चार वर्षं गाणं शिकलो होतो. आरतीत माझा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता, आणि तो चढलाय हे मला चांगलं ठाऊक होतं. प्रसादाचा मोदक हातात पडतो न पडतो तोच पन्नाशी उलटलेल्या एका किरकोळ गृहस्थांनी माझा दंड धरला आणि मला एसीसमोर उभं केलं.

"हा सा. तू पंचम धर. आणि हलू नकोस."

मी धरला. त्यांनी हळूच मधला गंधार लावला. एसी, मी आणि ते असे तीन सूर एकमेकांत बसले आणि डोक्याच्या वर कुठेतरी आणखी एक बारीक सूर वाजायला लागला. तो आमच्यापैकी कुणीच गात नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. त्या गृहस्थांनी उजव्या हाताचं एक बोट मांडीजवळच वर केलं आणि म्हणाले, "आला. सोमवारी सात वाजता याच बिल्डिंगखाली उभा राहा. मी घ्यायला येतो."

अशा रीतीने मी बार्बरशॉप कोरसात भरती झालो. हे नाव ऐकून घरी आईला वाटलं, मुलाने नोकरी सोडून सलून काढलं. पण हा अमेरिकेतला जुना प्रकार आहे. न्हाव्याच्या दुकानात नंबर लागेपर्यंत बसलेली माणसं वाद्यांशिवाय एकत्र गात, त्यातून तो निघाला म्हणतात. आवाज चार. मूळ चाल गातो तो लीड. त्याच्या वर टेनर, सगळ्यांच्या खाली बास. आणि या तिघांनी आपापले सूर घेऊन झाल्यावर जे काही उरेल ते गातो तो बॅरिटोन. आमचा कोरस चौदा जणांचा. वॉल्टर नावाचा एक अमेरिकन दंतवैद्य तो चालवायचा. बाकी इंग्रज, फिलिपिनो, एक आयरिश, एक लेबनीज, दोन मल्याळी आणि आम्ही दोघे. एका शाळेच्या संगीताच्या खोलीत दर सोमवारी जमायचं. वॉल्टर बिस्किटाएवढ्या गोल पिच पाइपमध्ये फुंकर मारून सूर द्यायचा आणि आम्ही सुरू. माझा आवाज ऐकून त्याने मला लीडमध्ये घातलं. काका अर्थातच बॅरिटोन होते.

"उरलं ते आपलं," काका म्हणायचे. कोरसाच्या जेवणातही ते शेवटी ताट घेत आणि वर तेच वाक्य ऐकवत.

बॅरिटोनची ओळ एकटी ऐकली तर ती गाणं वाटतच नाही. चार वेळा एकच सूर, मग उगाच एक उडी, मग अर्धी पायरी खाली, पुन्हा तिथेच. प्रत्येकाला पाठ करायला वॉल्टर ज्याच्या त्याच्या आवाजाची कॅसेट द्यायचा. काका ती गाडीत लावत. एकदा त्यांनी मला खोर फक्कानच्या सहलीला बरोबर नेलं होतं. डोंगरातून गाडी चालली होती आणि कॅसेटमधून कुणीतरी "हूं हूं हूं हूं, हूंऽऽ हूं" असं कण्हत होतं. मागच्या सीटवरून त्यांची मुलगी सई ओरडली, "बाबा, प्लीज! नॉट धिस टेप अगेन!"

शैलाकाकू पुढच्या सीटवर डब्यातल्या थालीपिठांना तूप लावत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, गाणं म्हणतात म्हणतात ते हेच का? मला तर कुणी पाढे पाठ करतंय असं वाटतं. एकदा तरी सरळ चाल म्हणा की."

"सरळ चाल मिलिंद म्हणतो," काका माझ्याकडे मान करून म्हणाले. "मी म्हटली तर त्याच्या पोटावर पाय येईल."

काकू आमच्या कार्यक्रमांना कधी आल्या नाहीत. पहिल्या वर्षी एकदा आल्या होत्या म्हणे. दीड तास कान देऊन ऐकलं आणि घरी जाताना म्हणाल्या, "सगळे ऐकू आले, तेवढे तुम्ही नाही आलात." काकांना हे प्रशस्तिपत्रक वाटलं, काकूंना पैसे फुकट गेल्यासारखं वाटलं. त्यानंतर त्यांनी काकांचं गाणं ऐकलं ते फक्त स्वयंपाकघरात. काका नारळ खवताना, भांडी पुसताना आपली ओळ घोकत आणि काकू फोडणी देत.

काका हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपच्या कारखान्यात वेल्डिंग तपासायचे. मला वाटतं त्यांचं गाण्यातलं सगळं शहाणपण तिथूनच आलेलं होतं. "जोड दिसला की जोड वाईट," हे त्यांचं दुसरं वाक्य. त्याचीच सोमवारची आवृत्ती म्हणजे "ऐकू आलो तर चुकलो." एका क्लबातल्या कार्यक्रमानंतर त्यांच्या मॅनेजरने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "आगाशेजी, आप सच में गा रहे थे या खाली मुंह हिला रहे थे?" मी असतो तर त्या माणसाशी बोलणं टाकलं असतं. काकांनी त्याचा हात हातात घेऊन "थँक यू सर, थँक यू" केलं आणि आठवडाभर तो किस्सा ज्याला त्याला सांगितला.

माझं मात्र उलट होतं. मला ऐकू यायचं होतं. त्याच क्लबातल्या कार्यक्रमात, गाण्याच्या शेवटच्या लांब सुरावर, मला राहवलं नाही आणि मी पुण्यात शिकलेली एक सुरेख हरकत घेतली. आपल्याकडे अशा जागी "वा" येते. इथे झालं असं, की माझा सूर हलला आणि त्यावर रचलेले बाकीचे तिन्ही आवाज उघडे पडले. वॉल्टर टाळ्या संपेपर्यंत हसत राहिला आणि मग माझ्याशी बोलला नाही. परत येताना गाडीत, अजमान मागे पडल्यावर, काका म्हणाले, "हरकत छान होती रे. तू एकटा स्वर्गात गेलास. आम्ही तेरा जण जिन्यात उभे."

मी ओशाळलो. पण सुधारलो म्हणावं तर तसंही नाही.

काका साठीला आले तसा तो प्रश्न उभा राहिला जो आखातात प्रत्येकाच्या पुढे एक दिवस उभा राहतो. नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की सामान बांधायचं. काकांना त्याचं दुःख नव्हतं. पुण्याला कोथरूडमध्ये फ्लॅट घेतलेला होता, सई तिथेच कॉलेजात गेली होती, काकूंना तर कधी एकदा जाऊ असं झालं होतं. घोर होता तो एकच. कोरसातला दुसरा बॅरिटोन, एक आयरिश इंजिनिअर, आदल्या वर्षी बदली होऊन अबू धाबीच्याही पलीकडे रुवैसला गेला होता. दर सोमवारी तिथून येणं शक्य नव्हतं. काका गेल्यावर त्या जागी उभं राहायला कुणीच नव्हतं. वॉल्टरने स्पष्ट सांगितलं होतं की बॅरिटोन नसेल तर कोरस बंद करू, तीन पायांच्या खुर्चीवर कुणाला बसवायचं?

एका सोमवारी गाडीत काकांनी विषय काढला. "मिलिंद, माझी जागा तू घे. कान तुझाच आहे. लीडला दुसरे मिळतील, चाल कुणीही उचलतं."

माझं उत्तर तयारच होतं. म्हटलं, "काका, मी कार्यक्रमाची व्हिडिओ कॅसेट घरी पाठवतो. आई शेजारणींना बोलावून लावते. त्यात मी नुसता तोंड हलवताना दिसू?"

काका हसले. "तेही खरंच. यल्ला, चल, बघू. इन्शाल्ला, कुणीतरी येईल." त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि हेच मला जड गेलं. रागावले असते तर मी भांडलो असतो. त्यानंतर दोनदा आमच्या फ्लॅटवर आले तेव्हा ते सरळ सोफ्यावर येऊन बसले. एसीकडे गेले नाहीत. मला लाज वाटली, पण लीड सोडवेना.

त्यांच्या जाण्याच्या आदल्या शुक्रवारी, सकाळी, आम्ही सगळे निरोप द्यायला त्यांच्या घरी गेलो. सामान आधीच कार्गोने गेलं होतं. रिकाम्या हॉलमध्ये तीन बॅगा, जमिनीवर अंथरलेली एक चादर आणि खिडकीत घुमणारा एसी एवढंच उरलं होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारातून कागदी कपांत चहा देत होत्या. वॉल्टर म्हणाला, "शिरी, आज तू गायचं नाहीस. आज तू बसून ऐकायचं." काकांचं नाव श्रीकांत, पण वॉल्टरच्या तोंडी ते कधी बसलं नाही. काका एका बॅगेवर बसले, हात मांडीवर ठेवून, मुंजीतल्या बटूसारखे अवघडून.

वॉल्टरने पिच पाइप फुंकला. आम्ही ते एका जुन्या होडीवाल्याचं गाणं सुरू केलं, जे काकांनी नऊ वर्षं आमच्याबरोबर म्हटलं होतं. उन्हाळ्यात कोरस बंद असे आणि काका तेव्हाच भारतात जात, त्यामुळे त्यांच्याशिवाय आम्ही ते कधी म्हटलंच नव्हतं. दुसऱ्या ओळीलाच कळलं की काहीतरी चुकतंय. चाल होती, वरचा सूर होता, बास होता, आणि तरी मधोमध खड्डा होता. मी आवाज वाढवला. तो खड्डा आणखी मोठा झाला. इतकी वर्षं ज्याला मी माझ्या आवाजाचा गोडवा समजत होतो तो माझा नव्हताच, हे मला तिथे, सगळ्यांच्या समोर, गात असतानाच कळलं. काका खाली फरशीकडे बघत होते.

तेवढ्यात तिसऱ्या ओळीला तो खड्डा भरला.

मला वाटलं काकांना राहवलं नाही. पण त्यांचं तोंड बंद होतं. आवाज स्वयंपाकघराच्या दारातून येत होता. काकू हातात ट्रे घेऊन, कप मोजत, आपल्याच नादात "हूं हूं हूं हूं, हूंऽऽ हूं" करत होत्या. बाईचा आवाज, एक सप्तक वरून, पण सूर न् सूर तोच. ती अर्ध्या पायरीची घसरणही बरोबर जागेवर. नऊ वर्षं फोडणीच्या वासाबरोबर ती ओळ त्यांच्या कानात जाऊन बसली होती. वॉल्टरने त्यांच्याकडे पाहिलं आणि आम्हाला हाताने खूण केली, थांबू नका. आम्ही थांबलो नाही. शेवटचा सूर आम्ही रिकाम्या भिंतींत धरून ठेवला आणि छताखाली तो बारीक, कुणीच न गायलेला सूर स्वच्छ वाजला. काकांचं बोट मांडीजवळ वर गेलं होतं.

गाणं संपल्यावर काकूंना कळलं की सगळे त्यांच्याकडे बघताहेत. "काय झालं? साखर कमी पडली का?" त्यांनी विचारलं.

"अगं, तू गात होतीस," काका म्हणाले.

"मी? कुठलं गाणं? ते तुमचे पाढे ना, सवय झालीय कानाला. पण..." त्यांनी ट्रे खाली ठेवला. "ते असं बसतं होय त्यात? मग इतकी वर्षं सांगायचं नाही का हो?"

काका चष्मा काढून पुसत राहिले. मग माझ्याकडे वळून, मराठीत, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी आतून गायचो रे. बाहेरून कधी ऐकलंच नव्हतं. म्हणजे मी एवढं करत होतो?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काकूंनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "मिलिंद, हे आता तू घे बाबा. मी तर चालले उद्या." त्या चहाबद्दल बोलत होत्या की दुसऱ्या कशाबद्दल, असा प्रश्न पडायला जागा नव्हती. त्यांनी कपाबरोबर काकांची ती गाडीतली कॅसेटही दिली होती.

पुढच्या सोमवारी मी काकांच्या जागेवर उभा राहिलो. कोरस चालू राहिला. आईला पाठवलेली एक व्हिडिओ कॅसेट बघून तिचा फोन आला, "तू दिसलास, पण ऐकू नाही आलास." मी लगेच कोथरूडला फोन लावून काकांना हे कळवलं. ते इतके खूश झाले की त्यांनी काकूंना हाक मारून फोनवर बोलावलं. पण तोवर दीड वर्ष उलटलं होतं. ते दीड वर्ष, काकांच्या जागी उभा राहूनही, मी दर सोमवारी सगळ्यांना ऐकू येत होतो.