पोफळीचे खुंट आणि दीर्घिकांची मोजकाठी

हाताशी मोजकाठी नसताना, विखुरलेल्या वस्तूंच्या गर्दीतूनच त्यांच्यातले मूळ अंतर शोधून काढता येते का? प्रश्न आकाशाविषयी होता. मी तो श्रीवर्धनला, माझ्या थोरल्या भावाच्या सुपारीच्या वाडीत पडताळून पाहिला.

वादळात दादाच्या खालच्या वाडीतल्या जवळजवळ सगळ्या पोफळी मोडल्या. त्या आमच्या वडिलांनी, अण्णांनी, लावलेल्या होत्या. खोडे उचलून झाली, खुंट तेवढे राहिले. नवी रोपे तयार होती. त्यांची मुळे पिशव्यांच्या तळातून बाहेर आली होती, आणि आणखी थांबले असते तर रोपे वाया गेली असती. तरीही दादा खड्डे घेऊ देईना. त्याला अण्णांच्याच अंतरावर लावणी हवी होती, आणि अण्णांची आखणीची काठी पडवीच्या छपराबरोबर उडून गेली होती. “अण्णा सहा हात म्हणायचे,” एवढे त्याला पक्के आठवत होते. पण कोपरापासून बोटापर्यंतचा हात टेकवत तो खुंटांमधून मोजू लागला, की कुठे पाच भरत, कुठे सात. याचे कारण उघड होते. एखादी पोफळ मेली की तिच्या शेजारी, जागा मिळेल तिथे, दुसरी लावलेली. मूळच्या ओळी त्यात बुजून गेल्या होत्या.

त्याच आठवड्यात त्याची मुलगी पुण्याहून रजेवर आली. ती दीर्घिकांचे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांचे, नकाशे तयार करण्याच्या कामात आहे.

“तिकडे टेपचं दुसरं टोक कोण धरतं गं?” दादाने विचारले.

“कुणीच नाही, बाबा. विश्व तरुण आणि तापलेलं होतं तेव्हा त्यात आवाजासारख्या लाटा पसरल्या. ते निवलं तशा त्या थांबल्या. पण त्यांचा ठसा राहिला. एका ठरावीक अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या किंचित जास्त सापडतात. ते अंतर हीच आमची काठी.”

“एवढ्या लांबची काठी सापडते, आणि माझ्या बापाची सापडत नाही होय?”

“शोधून देऊ का?”

“दे की. आत्याला घे बरोबर. मास्तरीणबाईंना चुका काढायची हौस आहेच,” तो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

रीत सोपी आहे. कोणता खुंट मूळचा आणि कोणता नंतरचा, हे ठरवायचेच नाही. प्रत्येक खुंटापासून आसपासच्या सर्व खुंटांपर्यंत टेप लावायची. मी पडवीच्या फरशीवर खडूने पाव-पाव फुटाचे रकाने आखले आणि प्रत्येक मापासाठी त्या त्या रकान्यात एक रेघ ओढली. नंतर लावलेल्या झाडांची अंतरे कशीही पडतात, म्हणून त्यांच्या रेघा सगळीकडे पसरतात. मूळच्या अंतराच्या रेघा मात्र एकाच जागी साचतात. संध्याकाळपर्यंत पावणेदहा फुटांच्या आसपास स्पष्ट फुगवटा दिसू लागला.

दादाने टेपवर आपला हात सहा वेळा टेकवला. पावणेनऊ फूटच भरले.

“चुकलंय तुमचं. आकाशातली विद्या आकाशातच ठेवा.”

“मग वरची वाडी मोजू,” भाची म्हणाली. “ती तुम्ही लावलीत ना?”

“सहाच हातांवर. अण्णांनी लावली तशीच. इंचाचा फरक सापडायचा नाही.”

दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीचे रकाने भरले. तिथला फुगवटा पावणेनऊ फुटांवर आला. अण्णा उंच होते, दादा आईच्या वळणावर गेलेला. दोघांचे हात सहाच, पण हातच निराळे.

“म्हणजे जन्मभर मी सांगत आलो की अण्णांसारखीच लावली,” तो म्हणाला, “आणि प्रत्येक झाडामागे फूटभर चोरत होतो!” मग तोच मोठ्याने हसला. “पिकली मात्र बरी हो.”

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वाडीत जमीन तीच राहिली, काठी बदलली. विश्वात याच्या उलट घडते: काठी एकच, पण अवकाशाबरोबर ती ताणली जाते. दीर्घिका जितकी दूर, तितका तिचा प्रकाश जुना; म्हणून वेगवेगळ्या काळातल्या दीर्घिकांमध्ये ती आकाशात केवढी दिसते हे मोजले, की विश्व केव्हा किती पसरले होते याचा इतिहास हाती येतो. गुरुत्वाकर्षणामुळे हे प्रसरण मंदावत जावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अलीकडच्या काळात ते वेग घेत असल्याचे आढळते. त्यामागच्या अज्ञात कारणाला कृष्ण ऊर्जा म्हणतात. ती कायम सारखीच राहते की काळानुसार बदलते, हे अजून निश्चित नाही. भाची त्याच शंकेवर काम करते, आणि उत्तर माहीत नसण्याचा तिला अजिबात त्रास होत नाही, हे मला विशेष आवडले.

दादाने पावणेदहा फुटांचा बांबू तासून घेतला. फुगवटा वीतभर रुंद आहे, नेमके अंतर थोडे इकडेतिकडे असू शकेल, हे मी त्याला सांगितले. “वीतभर चालेल, फूटभर नको,” तो म्हणाला. आखणीच्या वेळी बांबू त्याने दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नाही. रोपे वेळेत मातीत गेली आणि सगळी धरली. आता दादा रोज सकाळी चहाचा कप घेऊन खाली जातो आणि ओळींमधून सावकाश फिरतो.

माझी वाचकांना विनंती आहे की, केवळ मी सांगते म्हणून हे मानू नये. ओळी बुजलेली कोणतीही जुनी बाग निवडावी, सर्व जोड्यांची अंतरे मोजावीत आणि रकाने भरावेत. झाडे चौकटीत लावलेली असतील तर तिरक्या अंतराचा दुसरा फुगवटाही येईल, तो वेगळा धरावा. फुगवटा येतो की नाही, हे आपण स्वतः तपासून पाहावे.