डायनॅमोची गुणगुण

दसरा झाला की इकडे कानडी मुलखात, शिवाजीनगरच्या आमच्या दुकानापुढे मोटारींची रांग लागायची. आम्ही मोटारीतले रेडिओ बसवायचो आणि दुरुस्त करायचो. आयुधपूजेसाठी इथले ड्रायव्हर गाडी नुसती धुऊन थांबत नसत. बॉनेट उघडून डायनॅमोसकट सगळ्याला काळा रंग मारत. देवीला इंजिनसुद्धा नवं दिसलं पाहिजे, अशी त्यांची समजूत. रंग मारताना, रेडिओतली खरखर अडवायला डायनॅमोवर बसवलेला छोटा कंडेन्सर मध्ये येई. तो काढून ठेवायचा, खाली रंग द्यायचा आणि परत आवळायचा. आता त्या कंडेन्सरचं सगळं काम लोखंडाला लोखंड भिडण्यावर. मध्ये रंगाचा थर आला की संपलं. देवी प्रसन्न होई आणि रेडिओ गुणगुणायला लागे.

दरवर्षी तेच. सांगून सांगून जीभ दुखली, पण ऐकतो कोण? शेवटी मी सांगणं सोडून दिलं आणि पॉलिश पेपर जास्त आणून ठेवायला लागलो.

रेडिओतली खरखर शोधणं हे कानाचं काम आहे. इंजिनच्या वेगाबरोबर सूर चढत-उतरत असेल तर डायनॅमो. टकटक असेल तर प्लग. उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडली आणि तरी खरखर राहिली तर चाकं. हे सगळं मला अण्णांनी शिकवलं. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं, त्यामुळे त्यांच्यापुढे उलट बोलायची माझी कधी छाती झाली नाही. दुकान त्यांच्या कानावर चालायचं, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक होतं. ते ड्रायव्हरच्या जागी डोळे मिटून बसत आणि मी पुढे इंजिनपाशी उभा राही. त्यांनी "साफ" म्हटलं की गाडी साफ. मग मालकाने शंका काढायची नाही.

तो कान जात चालला होता. युद्धाच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये इंजिनांशेजारी काढलेली वर्षं असतील, की वय असेल, देव जाणे. घरी, राजाजीनगरला, वहिनी त्यांच्याशी बोलण्याआधी खांद्याला हात लावायला लागल्या होत्या. त्यावर घरात कोणी अवाक्षर काढत नसे. दुकानात अण्णा आता डोळे उघडे ठेवून बसत आणि काचेतून माझ्या तोंडाकडे बघत. मी हनुवटी किंचित हलवली की ते म्हणत, "अजून आहे." मी मान खाली घातली की म्हणत, "साफ." असं आमचं ठरलं नव्हतं, आपोआप झालं होतं. आपल्यात मोठ्यांचं उणं कोणी बोलून दाखवत नाही, झाकून घेतात. झाकायचा मला कंटाळा आला होता, हे मात्र खरं. दोघांच्या वाटचं एकट्याने ऐकायचं आणि वर आपण काही ऐकलंच नाही असं दाखवायचं, याने संध्याकाळी डोकं फुटायची वेळ येई. पण अण्णांना त्या जागेवरून उठवलं तर त्यांना उरलं काय असतं?

त्या वर्षी एक डॉक्टरीणबाई आल्या. स्वतः गाडी चालवायच्या, बोलणं कानडीत आणि मोजकं. ड्रायव्हर नव्हता, पण त्यांच्या घरच्या माळ्याने हौसेने रंग मारला होता. "बातम्या ऐकताना मागे कोणीतरी सारखं रडतंय," बाई म्हणाल्या. "स्वल्प, जरा बघा."

मी रेडिओचा फ्यूज काढला, कंडेन्सर सोडवला, रंग खरवडला. लोखंड उघडं पडल्यावर कंडेन्सरची पट्टी परत घट्ट आवळली. एवढ्यात अण्णा जागेवर जाऊन बसलेसुद्धा आणि त्यांनी इंजिन चालू केलं. बाई खिडकीशी उभ्या होत्या. त्या गाडीचं बॉनेट चांगलं रुंद होतं. ते उघडं असल्यामुळे अण्णांना माझं तोंड दिसत नव्हतं आणि मला त्यांचं.

इंजिन थोडा वेळ चाललं. मग अण्णांचा नेहमीचा भारदस्त आवाज आला, "सरी, ठीक आहे. साफ झालं."

"पण रेडिओ लागलेलाच नाही," बाई म्हणाल्या.

अण्णांना ते ऐकू आलं नाही. ते म्हणाले, "आता रडणार नाही कोणी. खुशाल घेऊन जा."

बाईंनी हात आत घालून रेडिओचं बटण फिरवून दाखवलं. मागेपुढे, मागेपुढे. अण्णा बटणाकडे बघत राहिले, मग खाली उतरून माझ्याकडे आले. फ्यूज माझ्या हातातच होता.

"कधी काढलास?"

"आधीच, अण्णा."

मला वाटलं ते माझ्यावर ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फ्यूज घेतला, स्वतः बसवला आणि माझ्यासाठी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"तू बस. मी पुढे बघतो."

"नको, अण्णा. तुम्ही बसा."

"बस म्हणतो ना."

मी बसलो. रेडिओ तापून बोलायला वेळ घेतो, तेवढा वेळ मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून होतो आणि मला लाज वाटत होती. बाई जरा लांब जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं. पुढे अण्णांनी कार्बुरेटरची दांडी ओढली, इंजिनचा वेग चढला. बातम्या सांगणाऱ्याचा आवाज स्वच्छ आला. मागे काही नव्हतं.

"आहे का?" बॉनेटमागून अण्णांनी विचारलं.

"नाही."

"आहे का रे?"

"नाही, अण्णा," मी ओरडून सांगितलं. शेजारचा टायरवाला वळून बघायला लागला.

इंजिन तसंच गुरगुरत राहिलं. अण्णांनी दांडी अजून ओढली. "अरे, सांग ना. आहे का?"

मी रेडिओ बंद केला, उतरलो, पुढे गेलो आणि त्यांच्या खांद्याला हात लावला.