पगार किती, आणि ओळखतं कोण

वाशीमच्या बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. नाव, जन्मतारीख, मार्क, यांत किस्से होत नाहीत. पण खासगी नोकरीच्या अर्जात दोन प्रश्न असे येतात, की समोरचा माणूस एकदम गप्प होतो. पगाराची अपेक्षा किती? आणि तुम्हाला ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या दोघांची नावं द्या. माझ्याकडे जे काही साठलंय ते त्या गप्प बसण्यातूनच.

*

मानोऱ्याकडचा विलास, बी.ए. झालेला. गोदामात सुपरवायझरची जागा होती. पगाराच्या रकान्यापाशी मी थांबलो.

"जे देतील ते, असं लिहा," तो म्हणाला.

"अक्षरं घेत नाही. आकडा सांग."

त्यानं बराच विचार केला. "मंग शून्य टाका. लय मांगतलं असं तं नाई वाटणार."

टाकलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली, रक्कम शून्यापेक्षा जास्त हवी.

विलास त्या अक्षरांकडे पाहत राहिला. "मशीनले तरी वाटते," तो म्हणाला, "काई तं द्या लागते म्हणून."

*

माझ्या शेजारी शेख टेलरचं दुकान. त्यांची सून शबाना नर्स. एका खासगी दवाखान्याची मुलाखत फोनवर होती, घरात गडबड म्हणून ती माझ्याकडे येऊन बसली. पगार विचारला तर काय सांगायचं, हे नवऱ्याशी बोलून पक्कं केलेलं.

विचारलंच. तिनं न अडखळता सांगितलं, "पंधरा हजार."

पलीकडे शांतता.

"बारा भी चालतील, सर."

शांतता.

"नऊ देले तरी येतो मी."

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "हॅलो मॅडम, मधे रेंज गेली होती. नऊ एवढंच ऐकू आलं. नऊ फायनल ना?"

शबानानं माझ्याकडे पाहिलं. मग "हो सर" म्हणाली. अजून तिथंच आहे ती.

*

पोहरादेवीजवळच्या एका खेड्यातला गजानन. ओळखीचा एक माणूस मिळाला, शाळेचे हेडमास्तर. दुसरा सापडेना.

"गावात सारे आमचेच," तो म्हणाला. "एकच घर नात्यात नाई, रामभाऊचं. अन त्याच्यासंगं बांधावरून केस चालू आहे." शेवटी वैतागून त्यानं रामभाऊचाच नंबर दिला.

पुढचं मला रामभाऊंनीच सांगितलं, सातबारा काढायला आले तेव्हा. "कंपनीचा फोन आला. पोरगा वेळेचा पक्का आहे काय, असं इचारे. मी म्हटलं, साहेब, कोर्टाची एक तारीख चुकवली नाई त्यानं."

गजाननला नोकरी लागली. पुण्याला गेला. तिथून काही सुटी मिळेना. तारखा चुकल्या आणि बांधाचा निकाल रामभाऊच्या बाजूनं लागला.

*

आमच्या वस्तीतल्या पोरांच्या अर्जात ओळखीचा माणूस म्हणून अंभोरे सरांचं नाव ठरलेलं. सर रिटायर झालेत, पण कंपन्यांचे फोन घ्यायचं काम काही सुटलेलं नाही. आकाशच्या अर्जातही मी त्यांचंच नाव टाकलं. आयटीआय फिटर होता. पगाराचा आकडा सांगताना तो गप्प बसला नाही. आपल्याला काय येतं ते त्याला माहीत होतं.

अर्ज गेला, आणि थोड्याच दिवसांत शेतातली मोटर चालू करताना करंट लागून आकाश गेला.

आम्ही त्याच्या घरी बसलो होतो. सर, मी आणि त्याचे वडील, देवमनकाका. सरांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकरवरच बोलतात. कंपनीतून एक मुलगी बोलत होती. आकाश तुमच्या ओळखीचा आहे ना सर, त्याचं सिलेक्शन होत आलंय, दोन-चार गोष्टी विचारायच्या होत्या.

सर खरं काय ते सांगायलाच निघाले होते. देवमनकाकांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मानेनं खुणावलं, बोला.

"स्वभावानं कसा आहे?"

"शांत आहे," सर म्हणाले. "काम सांगावं लागत नाही त्याला."

"काही व्यसन?"

"नाही."

आतल्या खोलीतल्या बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, मुलगा आम्हाला पसंत आहे. फक्त पगार त्यानं जरा जास्त लिहिलाय. थोडं कमी घेईल का तो? तुम्ही सांगून पाहाल?"

सरांनी देवमनकाकांकडे पाहिलं.

काका फोनजवळ वाकले.

"नाई बाई," ते म्हणाले. "त्याच्यात कमी नोका करू."