डावखुऱ्या सुरीचं पोलाद

रात्रभर साकाई गावावर खाडीचा वारा सुटला होता. सकाळी तोमोएनं पाण्याच्या कुंडावरचा बर्फाचा पापुद्रा मुठीनं फोडला, एप्रनला हात पुसले आणि गेनझो लोहाराचं पातं हातात घेतलं.

आमच्या गल्लीत कामं वाटलेली आहेत. लोहार पातं घडवतो, तोमोए धार काढते, मी मूठ बसवतो. दुसऱ्याच्या कामात कुणी नाक खुपसत नाही. गेनझोच्या पोलादाची धार मासळी कापून कापूनही बोथट होत नाही, म्हणून धारवाले त्याच्या दारी खेटे घालतात. तोमोएचा बाप गेला तेव्हा ‘बाईच्या दगडावर माझं पातं चढायचं नाही’ म्हणून गेनझोनं तिचं काम तोडलं होतं. या हिवाळ्यात पहिल्यांदा एक पातं धाडलं. जमलं तर पुढची कामं, नाहीतर दार कायमचं बंद.

सुरी होती चिहारूची. मासळी कापणारी बाई, डावखुरी. उजव्या हाताच्या सुऱ्या वापरून तिचं मनगट सुजलेलं. सुरी मासळीत शिरली की तिरकी बाहेर पळायची आणि ती दाबून धरायची. तिच्या बोटांच्या मापानं मी मूठ तासली होती, कंगोरा बरोबर डाव्या बोटांच्या पेरांत बसेल असा.

तोमोएनं पातं दगडावर दोनदा ओढलं आणि थांबली. आमच्या सुरीला एकाच अंगानं धार: सपाट बाजू कठीण पोलादाची, उतरती बाजू मऊ लोखंडाची, आणि डावखुऱ्यासाठी दोन्ही उलट. जी बाजू सपाट, पोलादाची हवी होती, तीच मऊ लोखंडाची निघाली. पोलाद दुसऱ्या अंगाला. जन्मभर उजव्या सुऱ्या घडवणारे हात सवयीनं तसेच चालले होते.

“गपचूप उजवी धार काढून दे,” मी म्हणालो.

“आणि मूठ तुझी डावी? चिहारूनं काय ती भिंतीवर टांगायची?”

पातं ओल्या फडक्यात गुंडाळून ती निघाली. मीही मागोमाग गेनझोच्या भट्टीवर गेलो.

“काका, पोलाद उलट्या अंगाला लागलंय.”

गेनझोचा हातोडा थांबला. “तुझा बाप कधी माझ्या दारात येऊन असं बोलला नाही.”

“त्याला तुम्ही डावं पातं कधी दिलंच नव्हतं.”

“दगड वाकडा असेल तुझा.”

“असेल. तुमच्या दगडावर बघा.”

त्यानं स्वतः घासलं. मऊ लोखंड धुरकट दिसायला लागलं, भलत्याच बाजूला. आतून त्याची बायको हात्सू म्हणाली, “लग्नात ह्यांनी किमोनोची उजवी बाजू वर घेतली होती, मेलेल्या माणसाला नेसवतात तशी. मीच सोडून नीट नेसवला.”

“तू भात बघ गं,” गेनझो म्हणाला. मग लोखंडाची नवी पट्टी घेऊन त्यानं एका अंगाला खडूनं फुली मारली आणि तोमोएपुढे धरली. “पोलादाची बाजू हीच ना?”

“हीच.”

पट्टी भट्टीत गेली. भाता ओढता ओढता, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “कोपऱ्यातली पाती ने. उजवी आहेत सगळी. तरी बघून घे.”

तिनं त्याच्यासमोरच एकेक उजेडात धरून पाहिलं. तो भाता ओढत राहिला.

घरी येऊन तिनं पात्यांची टोपली उतरवली. वरचंच पातं टोकाशी जरासं वाकलेलं होतं, तिनं ते तिथंच पाहिलं होतं; पण असा बाक काढणं धारवाल्यांचंच काम. लाकडी ठोकळा पुढ्यात ओढून ती ते हलक्या हातानं ठोकून सरळ करायला बसली.