सुई आणि मेलेलं मूल

मार्च १९६३. मी तूर पाखडत होते. आमच्या गल्लीत देवीच्या रोगाने एक मूल गेलं होतं. आदल्या संध्याकाळी सरकारी गाडीने आमच्या गावात, देऊळघाटला, लशीचा सिनेमा दाखवला. पडद्यावर एका मुलाला सुई टोचली, आणि लगेच दुसरं मूल अंगभर फोड येऊन मेलेलं दिसलं.

“टोचलं अन् मेलं,” शेजारच्या घरातल्या जाऊबाई म्हणाल्या. “माह्या पोरीले मी टोचू देत नाही.”

“ते पोरगं दुसरं होतं, बाई. त्याले टोचलंच नव्हतं.”

“मंग लगोलग काऊन दाखोलं?”

लागोपाठ दिसलेल्या गोष्टी मन जोडूनच घेतं. सिनेमावाल्यांचा भरवसा त्यावरच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लस टोचणारा गल्लीत आला, तेव्हा मी माझ्या मुलाला जाऊबाईंच्या ओट्यावर टोचून घेतलं आणि त्यांना दिसावं म्हणून तिथंच खेळायला बसवलं. त्यांनी आतून लावलेली दाराची कडी काढली नाही.