उशाखालची सुरी

कपाट आवरताना आज ती सुरी हाताला लागली. गंजाचा वास आला आणि मी पुन्हा त्या विमानात जाऊन बसले. तान्ह्या बाळाला काही बाधू नये म्हणून त्याच्या उशाखाली लोखंड ठेवायचं, ही आमच्या अंजूरची रीत. तीन महिन्यांच्या लेकीला घेऊन मी मस्कतला नवऱ्याकडे निघाले, तेव्हा विमानतळाच्या दारात आईने विचारलं, "पोरीच्या उशाशी हाय ना सुरी?" "हाय," मी खोटंच बोलले. जवळ ठेवू देत नाहीत म्हणून ती मोठ्या बॅगेत, कपड्यांखाली गुंडाळलेली होती. विमान सुटलं तशी पोर जी रडायला लागली, ती थांबेचना. दोन्हीकडे माणसं, पोटावर पट्टा, उठायची सोय नाही, बी.एस्सी. झालेली मी मनातल्या मनात आईची माफी मागत होते. शेजारी निजामपुऱ्याच्या एक चाची होत्या, शेवटी त्यांनाच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अरे बेटी, सामान तो नीचेच रहता है ना? मतलब छुरी बच्ची के नीचेच है." पोर मस्कतपर्यंत रडतच राहिली, गप्प झाले ती मी. मघाशी तीच लेक म्हणाली, "आई, फेक ना तो गंज." "फेकते," मी म्हणाले, आणि पुन्हा खोटं बोलले.