आम्ही की आपण

अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी सून माझी स्वयंपाकघरातच उजळणी घ्यायची. "आई, राज्यघटनेचे पहिले तीन शब्द?"

"वी द पीपल," मी पोळी लाटता लाटता म्हणायचे. उत्तर बरोबर, पण त्या 'वी'चा मला संशयच यायचा. मराठीत 'आपण' म्हटलं की समोरचाही त्यात येतो, 'आम्ही' म्हटलं की तो बाहेर राहतो. एवढी मोठी घटना लिहिणाऱ्यांनी पहिलाच शब्द असा मोघम ठेवावा? मुद्दामच असणार.

परीक्षेत अधिकारी बाईंनी नेमकं तेच विचारलं. मी उत्तर दिलं. त्या गोड हसल्या, फाईल मिटली आणि म्हणाल्या, "वी विल लेट यू नो."

हा 'वी' कुठला, ते मात्र मला लगेच कळलं.